हौदातली शपथ

चिंचेचा फोक तिसऱ्यांदा पाठीवर उतरला तेव्हा ज्ञानू ओरडला नाही, खोकला. खोकल्याची उबळ आली की त्याचं सगळं अंग गुडघ्यांकडे ओढलं जायचं, आणि हंबीरराव वस्तादांना फोक वर धरून थांबावं लागायचं. ते थांबले. उबळ सरली, ज्ञानूनं तळहातानं तोंड पुसलं, पाठ परत सरळ केली, आणि चौथा बसला.

"कुणी दिली?"

"कुणी न्हाई."

"मग इकत आणलीस?"

"न्हाई, वस्ताद. मी बिडी वढतच न्हाई."

पाचवा खांद्यावर बसला, जिथं मांस कमी आणि हाड जवळ. तालमीतली बारा पोरं कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कडेनं भिंतीला पाठ लावून उभी होती. नियमाप्रमाणे त्यांचा एकेक आधीच मारून झाला होता. कुणी हात राखून मारला होता, कुणी भीतीनं जास्तच जोरात. केरबानं डोळे मिटून मारला होता. आता फोक वस्तादांच्या हातात होता आणि किती झाले याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

भादुलवाडी हे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं, कृष्णेच्या काठचं गाव. तिथं माणसाची किंमत दोनच गोष्टींवर ठरायची, घरचा ऊस आणि मांडीचा घेर. ज्यांच्याकडे पहिली नव्हती ते बिचारे दुसरीच्या मागे लागायचे आणि त्यांच्या आया त्यांना वस्तादांच्या पायावर आणून घालायच्या. वस्तादांचा धाक असा, की पोरांना शिंक आली तरी ती आधी वस्तादांकडे बघायची आणि मग शिंकायची. नियम चार-पाचच होते, पण दगडासारखे. त्यातला पहिला बिडीचा. बिडी ओढणाऱ्याला प्रत्येक सोबत्याचा एक फोक, आणि नंतर तो कबूल होईपर्यंत वस्तादांचे. कबूल झाला की मार तिथंच थांबायचा. मग त्याला आंघोळ घालायची, शेरभर दूध पाजायचं आणि दुसऱ्या दिवशी हौदात उतरवायचं. आजवर कुणी सातव्या फोकापलीकडे टिकलं नव्हतं.

म्हणजे मार चुकवायला एक शब्द पुरे होता. ज्ञानूच्या तोंडून तो निघत नव्हता.

"ह्या पोरास्नी बघ," वस्ताद म्हणाले. ते धापा टाकत होते. "बाराच्या बारा पडली व्हती न्हवं? चवथ्या दिशी उठून जोर माराय लागली. तू का न्हाई उठलास?"

"मला ठावं न्हाई."

"मला ठावं हाय."

आणि त्यांना ते खरंच ठाऊक होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

दुसऱ्या महायुद्धाचा तो पाचवा हिवाळा. रजेवर आलेल्या शिपायांबरोबर गावात सर्दी-तापाची साथ आली होती. इस्लामपूरचे डॉक्टर विष्णुपंत तिला फ्लू म्हणायचे. म्हाताऱ्यांनी मात्र तिला दारातच ओळखलं आणि जुन्या नावानं हाक मारली, मानमोडी. पंचवीस वर्षांमागं ती आली होती तेव्हा गावात सरणाला लाकूड पुरलं नव्हतं. हंबीरराव तेव्हा बावीस वर्षांचे होते. याच तालमीतले सात पैलवान एका आठवड्यात अंथरुणाला खिळले. पाच उठले. जे दोघं उठले नाहीत ते दोघंही बिडीबहाद्दर, आणि त्यातला एक वस्तादांचा थोरला भाऊ कोंडीबा. खांद्यावर रेडकू घेऊन ओढा ओलांडणारा माणूस तो, तिसऱ्या दिवशी ओठ निळे पडून, वाऱ्यासाठी तोंड उघडून गेला. हंबीररावांनी हे कुणा डॉक्टरला विचारलं नव्हतं, कुठं वाचलं नव्हतं. त्यांनी भावाचं डोकं मांडीवर घेऊन ते पाहिलं होतं. तालमीचा पहिला नियम त्या मांडीवर तयार झाला होता.

यंदा पोरं पडायला लागल्यावर वस्तादांनी सुंठीचा काढा उकळला, निर्गुडीच्या पाल्याची वाफ दिली, रात्रंदिवस पोरांच्या उशाशी बसले. एकेक करून सगळी उठली. ज्ञानू तेवढा उठला नाही. जो सगळ्यांत दणकट, ज्याच्यावर चैत्रातल्या जत्रेत अख्खं गाव डोळे लावून बसणार होतं, तोच. नवव्या दिवशी हौदाच्या दोन पायऱ्या चढताना त्याच्या छातीत भाता चालल्यासारखा आवाज व्हायला लागला, आणि तो आवाज वस्तादांच्या ओळखीचा होता. ते घाबरले. भीती त्यांच्या अंगात शिरली की बाहेर पडायला तिला हाताशिवाय वाट नव्हती. सकाळी त्यांनी सगळ्या पोरांना ओळीनं उभं केलं आणि ज्ञानू बिडी ओढतो का, असं विचारलं. मग केरबा, जो वयानं ज्ञानूपेक्षा वर्षानं मोठा आणि कुस्तीत त्याच्यापेक्षा एक डाव कमी होता, खाली बघत म्हणाला,

"त्येच्या तोंडाला धुराचा वास येतुया, वस्ताद. लय दिस झालं येतुया."

केरबा खोटं बोलणारा नव्हता. हे वस्तादांना माहीत होतं आणि ज्ञानूलाही.

"माती उचल," आता वस्ताद म्हणाले.

ज्ञानू खाली वाकला. तेल, ताक आणि हळद पाजून मऊ केलेली ती लाल माती. तिच्यावर चप्पल घालून कुणी जायचं नाही, तिच्यावर थुंकायचं नाही, आणि ती कपाळाला लावून खोटं बोलणाऱ्याला जन्मात कुस्ती लाभायची नाही. त्यानं चिमूट कपाळाला लावली.

"ह्या मातीची शपथ, वस्ताद. माझ्या जल्मात मी बिडी वढलेली न्हाई."

भिंतीकडची पोरं हलली. बिडी ओढणं एक आणि मातीशी खोटं बोलणं वेगळं. वस्तादांचा चेहरा बदलला. त्यानंतरचे फोक शिस्तीचे नव्हते. पाठ, दंड, मांड्या, जिथं बसेल तिथं बसले. एक कानाच्या पाळीवर बसला आणि पाळी फाटली. ज्ञानूनं हात आडवा घेतला नाही. तो गुडघ्यांवर आला, मग तळव्यांवर. खोकल्याची एवढी मोठी उबळ आली की तो कुशीवर पडला, आणि तोंडातून जे बाहेर आलं ते मातीत पडलं. ते आधीच लाल होतं की मातीनं लाल झालं हे कुणाला कळलं नाही. फोक मधोमध मोडला तेव्हाच वस्ताद थांबले.

चंद्राबाईला कुणीतरी जाऊन सांगितलं होतं. ज्ञानूची आई ती. नवरा सापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा बारा वर्षांचं पोर तिनं वस्तादांच्या ओटीत घातलं होतं, आणि तेव्हाही ती तालमीच्या उंबऱ्याबाहेरच उभी होती, कारण बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नसतं. आज ती उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली. हाताला शेण तसंच होतं. मग ती सरळ आत आली आणि हौदात उतरली. तालमीतल्या ब्रह्मचारी मारुतीच्या मूर्तीकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.

"चंद्राबाई, भाईर जावा," वस्ताद म्हणाले.

"जाती की." तिनं ज्ञानूचा दंड आपल्या मानेभोवती घेतला. "आवं वस्ताद, मारायला माझी कवाच ना न्हवती. तुमच्याच हवाली केलाय. पर त्यो खोटं बोलतुया म्हणू नगा. त्येला खोटं बोलाय येतच न्हाई. बारका व्हता तवा दूध सांडलं तर आपणच येऊन सांगायचा आन् मार खायचा."

"तवा बारका व्हता."

तिच्या दुप्पट वजनाचा गडी तिनं अंगावर घेतला आणि ओढत, थांबत, पायरी-पायरीनं वर आणला. एकाही पोराची पुढं व्हायची छाती झाली नाही. वस्तादांनी मोडक्या फोकाचे दोन्ही तुकडे कोनाड्यात ठेवले आणि पोरांना बैठका मारायला लावल्या.

तीन दिवस वस्तादांनी ज्ञानूचं नाव काढलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा गुडघा ठणकायला लागला आणि त्यांनी चिलीम मागितली.

इथं सांगायला हवं, की वस्ताद स्वतः चिलीम ओढायचे आणि चांगली दणकून ओढायचे. सहा वर्षांपूर्वी एका मैदानात त्यांचा गुडघा निखळला, कुस्ती सुटली, आणि नदीवरच्या मठातल्या गोसाव्यानं दुखण्यावर चिलीम दिली. आता ही छाती कुणाला दाखवायचीय, असं म्हणून त्यांनी ती घेतली ती घेतली. पोरांना धूर वर्ज्य आणि वस्तादांची चिलीम दिवसभर गरम, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वस्ताद खाटेवर झोपायचे आणि पोरं जमिनीवर, तसंच हे.

चिलीम वस्तादांच्या हातात पेटती यायची. तंबाखू भरणं, छापीचं फडकं भिजवून बुडाशी गुंडाळणं, वर निखारा ठेवणं आणि तो खालपर्यंत धरेतोवर दम मारणं, हे सगळं पठ्ठ्यानं करायचं. हा मान तालमीतल्या पहिल्या पठ्ठ्याचा. तो वयाच्या तेराव्या वर्षी ज्ञानूला मिळाला तेव्हा केरबा दोन दिवस जेवला नव्हता.

आज तो मान केरबाला मिळाला. त्यानं मन लावून चिलीम भरली, निखारा ठेवला, ऐटीत दम मारला आणि खोकत खोकत भिंतीवर आदळला. परत मारला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तिसऱ्या दमाला त्याला भोवळ आल्यासारखं झालं आणि तो मटकन खाली बसला. पोरं हसली. वस्तादांनाही हसू आलं.

"आरं, ह्यो कसला पैलवान. ज्ञान्याला कसं जमायचं?"

"त्यो एका दमात धरायचा, वस्ताद." केरबा डोळे पुसत म्हणाला. "पार बेंबीपासनं वढायचा. तुमच्या हातात येस्तोवर वर जाळ दिसायचा."

"दिसातनं किती येळा?"

"आता रोजचंच की ह्ये. तुमी मागाल तवा. आठ येळा, धा येळा. जत्रंत जास्तीच."

वस्तादांचं हसू तोंडावरच राहिलं. थोड्या वेळानं ते गेलं.

"हिकडं ये."

केरबा आला. वस्तादांनी त्याची मान पंज्यात धरली आणि जवळ ओढली. आता बसते, म्हणून केरबानं डोळे घट्ट मिटले. काहीच बसलं नाही. त्यानं डोळे उघडले तर वस्तादांचं नाक त्याच्या तोंडाशी होतं. ते वास घेत होते.

"ज्ञान्याच्या तोंडाला यायचा त्यो वास," ते हळूच म्हणाले. "ह्योच का रं?"

केरबाला आधी समजलं नाही. मग समजलं.

"व्हय, वस्ताद."

वस्तादांनी त्याची मान सोडली आणि फाडकन त्याच्या मुस्कटात दिली. केरबाचा ओठ फुटला. त्याची काहीएक चूक नव्हती, हे मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. पण तो हात कुणाला तरी बसायला हवा होता आणि समोर केरबा होता.

ज्ञानूचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. दुखऱ्या गुडघ्यानं, अनवाणी, डोक्याला पटका नसलेले वस्ताद भर दुपारी रस्त्यानं जाताना लोकांनी पाहिले आणि रामराम घालायचं विसरून गेले. दाराबाहेर डॉक्टर विष्णुपंतांची सायकल भिंतीला टेकवलेली होती. साथीमुळं ते आठवड्यातून दोनदा गावात येत.

आत ज्ञानू घोंगडीवर उताणा पडला होता. पाठीखाली दोन वाकळांची उशी, कारण सपाट झोपलं की त्याला श्वास पुरत नव्हता. पाठीवरचे वळ दंडांपर्यंत आले होते, कानाच्या पाळीवर हळद थापलेली होती, आणि नाकपुड्या प्रत्येक श्वासाला फुलत होत्या. विष्णुपंत छातीला नळी लावून ऐकत होते. एकीकडे ऐकलं, दुसरीकडे ऐकलं, परत पहिलीकडे. चंद्राबाई चुलीपुढं बसून वाफेचं पाणी तापवत होती.

"दोन्ही बाजूंना पसरलंय," ते म्हणाले. "नवं इंजेक्शन निघालंय म्हणतात, पण ते सगळं लढाईवर जातं. माझ्याकडे गोळ्या आहेत त्या देतो. आजचा दिवस त्यानं काढला तर पुढं बघता येईल." नळी गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "किती वर्षं ओढतोय हा?"

"न्हाई वढत वो," चंद्राबाई न वळता म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. हेच वाक्य तिनं चार दिवस गल्लीभर सांगितलं होतं.

"बाई, मी रागावत नाही. पण एकोणिसाव्या वर्षी अशी छाती नसते. हा ताप गावात शंभर जणांना आला आणि गेला. छातीत धूर साचलेला असेल तिथं मात्र तो घर करतो."

"त्येनं मातीची शपथ घेतलीया."

"सा वर्सं," दारातून वस्ताद म्हणाले.

चंद्राबाई वळली. तिच्या हातात लोखंडी फुंकणी होती.

"आजून त्येच?" ती म्हणाली. "आजून पोट भरलं न्हाई तुमचं?"

"न्हाई, तसं न्हाई. माझी चिलीम." वस्तादांना शब्द सापडत नव्हते. आयुष्यभर त्यांनी दोन-तीन शब्दांतच माणसं हलवली होती. "माझी चिलीम त्यो पेटवून द्यायचा. दिसातनं धा येळा. सा वर्सं. त्येला बिडी कुणी दिली न्हाई, चंद्राबाई. मीच दिली."

चूल धुमसत होती. विष्णुपंत पिशवीत काहीतरी शोधू लागले, जे तिथं नव्हतं.

चंद्राबाई उठली. ती सावकाश आली म्हणून तिचा बेत कुणाला कळला नाही. फुंकणी भुवईवर बसली आणि हाडाचा आवाज झाला. दुसरा घाव मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये बसला. तिसऱ्याला वस्ताद एका गुडघ्यावर आले, आणि चौथा त्यांच्या उघड्या डोक्यावर पडला. रक्त डोळ्यात उतरलं, मिशीत उतरलं. त्यांनी हात वर केला नाही. ज्या हातांनी त्यांनी दहा जत्रा मारल्या होत्या ते दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले होते.

"अहो बाई!" विष्णुपंत मध्ये पडले.

"मारू द्या तिला," वस्ताद म्हणाले.

ती अजून मारणार होती. पण तेवढ्यात ज्ञानूच्या घशातून घरघर आली, तिचं लक्ष तिकडं गेलं, आणि तिथून पातेल्याकडं. पाण्याची उकळी बसली होती. ती चुलीपुढं जाऊन बसली, फुंकणी पदरानं पुसली, तोंडाला लावली आणि जाळ फुंकू लागली.

त्या धुरानं की गलक्यानं, ज्ञानूनं डोळे उघडले. आधी त्याला आढं दिसलं, मग डॉक्टर, मग भिंतीला धरून उठलेले वस्ताद. त्यांच्या तोंडावरचं रक्त त्याला उमगलं नसावं. वस्ताद समोर उभे आहेत आणि आपण पडून आहोत, एवढंच त्याला कळलं. तो उठायची धडपड करू लागला. उठता येईना, तेव्हा त्यानं उजवा हात घोंगडीवरून खाली सोडला आणि जमिनीवरून सरपटत त्यांच्या पायांकडं नेला, सकाळ-संध्याकाळ हौदात उतरताना न्यायचा तसा.

वस्तादांनी पाय मागं घेतले.

त्यांना कळायच्या आत ते मागं गेले. ह्या पोरानं शिवावं अशी आपली पायरी राहिली नाही, हे मनात आलं आणि पाय मागं गेले, बस्स. पण तालमीत वस्तादांनी पाय मागं घेण्याला एकच अर्थ होता. ज्याच्यापुढून ते पाय मागं घेत, त्यानं आपला लंगोट उचलायचा आणि परत तोंड दाखवायचं नाही. ज्ञानूनं हे दोनदा पाहिलं होतं.

त्याचा हात तिथंच थांबला.

"न्हाई वढली, वस्ताद," तो म्हणाला. शब्द श्वासामध्ये तुटत होते. "खरंच."

आणि त्याचे डोळे परत मिटले.

"न्हाई, न्हाई," वस्ताद म्हणाले. ते धडपडत खाली बसले. तो गुडघा सहा वर्षांत असा कधी वाकला नव्हता. त्यांनी ज्ञानूच्या कानाशी तोंड नेलं, हळद लावलेल्या कानाशी. "तू खरं बोललास. आरं ज्ञानबा, तू खरंच बोललास. चुकी माझी. ऐकतुयास न्हवं?" ते पुन्हा म्हणाले. पुन्हा. त्यांच्या भुवईचं रक्त ज्ञानूच्या गालावर पडत होतं आणि ते बोटानं पुसत होते. ज्ञानूची छाती वर जात होती, खाली येत होती, मध्येच थांबत होती आणि परत वर जात होती. पापणी हलली नाही. विष्णुपंतांनी मनगट धरलं.

वस्तादांनी मान वर केली.

"ऐकलं का त्येनं?"

चुलीकडं पाठ न फिरवता चंद्राबाई म्हणाली,

"तुमी त्येचं ऐकलं व्हतं?"

मग तिनं परत फुंकणी तोंडाला लावली. वस्ताद भिंतीचा आधार घेऊन कसेबसे उठले. ज्ञानूचा हात जमिनीवर पालथा पडला होता. त्यांनी दोन्ही पाय त्या हाताला लागतील इतके जवळ नेले आणि ते तसेच उभे राहिले.